मार्कर दिसतोय, तरी ड्रोन बाजूलाच उतरतो: आधी चूक कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

तक्रार साधारण अशी असते. ड्रोनच्या पोटाला खाली बघणारा कॅमेरा, जमिनीवर छापील मार्कर (काळ्या-पांढऱ्या चौकोनांची खूण), सोबत एक छोटा संगणक. सात-आठ मीटरवर मार्कर सापडतो, ड्रोन त्याच्या डोक्यावर येतो आणि खाली यायला लागतो. दोन-तीन मीटरवर आला की डोलतो, नाहीतर गोल फिरतो, नाहीतर एका बाजूला सरकत जातो, आणि मार्करपासून दोन फूट लांब टेकतो. पुढचं उड्डाण मात्र अगदी मधोमध, त्यामुळे वाटतं की झालं दुरुस्त. तिसऱ्या उड्डाणाला पुन्हा तेच.

अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा पीआयडीच्या, म्हणजे ड्रोनने चूक किती जोरात सुधारायची ते ठरवणाऱ्या, आकड्यांकडे जातो. तिकडे जाण्याआधी एक साधी चाचणी करा. कॅमेऱ्याचा भाग बंद ठेवून ड्रोन नुसता लॉयटरमध्ये, म्हणजे एका जागी थांबण्याच्या मोडमध्ये, तीन मीटरवर उभा करा. तिथे तो शांत राहत असेल तर त्याचे आकडे ठीक आहेत. त्याला जे सांगितलं जातंय, म्हणजे मार्कर कुठे आहे ही माहिती, त्यात गडबड आहे. ही माहिती तीन प्रकारे बिघडते: दिशा चुकते, वेळ चुकते किंवा माहितीच येत नाही. तिन्हींची हवेतली चाल वेगळी असते, म्हणून मी आधी लॉग (उड्डाणाची नोंद) न उघडता जमिनीवरून काढलेला व्हिडिओ बघतो.

चाल बघून काय ओळखायचं

ड्रोन मार्करकडे जाण्याऐवजी त्याच्यापासून लांब पळत असेल तर अक्षाचं चिन्ह उलटं आहे. ओपनसीव्हीमध्ये (चित्रातून मार्कर शोधणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) चित्राचा एक्स उजवीकडे, वाय खाली आणि झेड कॅमेऱ्याच्या समोर असतो. ऑटोपायलटला (ड्रोन उडवणारी प्रणाली) मात्र पुढे, उजवीकडे, खाली असा क्रम लागतो. चित्राची वरची बाजू ड्रोनच्या नाकाकडे असेल तर 'पुढे' म्हणजे उणे वाय, 'उजवीकडे' म्हणजे एक्स आणि 'खाली' म्हणजे झेड. कॅमेरा उलटा किंवा आडवा बसवला असेल तर हे सगळं फिरतं. प्रोपेलर काढून ड्रोन हातात धरा, मार्कर नाकाच्या बाजूला ठेवा आणि पाठवला जाणारा आकडा वाचा. मग मार्कर उजवीकडे ठेवून वाचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते हवेत करायला गेलात तर ड्रोन जातो.

मार्करभोवती गोल फिरत फिरत आत येत असेल तर यॉमध्ये, म्हणजे नाक कोणत्या दिशेला आहे त्या कोनात, चूक आहे. कॅमेरा थोडा वळवून बसलाय किंवा होकायंत्र बहकलंय. पंधरा-वीस अंशांची चूक असेल तर वाट वळणदार होते, तरी ड्रोन पोहोचतो. चूक नव्वदच्या जवळ गेली की तो नुसता घिरट्या घालतो, आणि नव्वदच्या पुढे गेली की वर्तुळ मोठं होत जातं. होकायंत्र बहकलं असेल तर लॉयटरमध्येही घिरट्या दिसतात. फक्त मार्करवरच दिसल्या तर कॅमेऱ्याची बैठक तपासा.

प्रत्येक वेळी त्याच बाजूला, तेवढ्याच अंतरावर टेकत असेल तर कॅमेरा ड्रोनच्या मध्यापासून किती लांब आहे ते ऑटोपायलटला सांगायचं राहिलंय. कॅमेरा १२ सेंटीमीटर पुढे बसवलेला असेल तर कॅमेरा मार्करवर बरोबर येतो आणि ड्रोनचा मध्य १२ सेंटीमीटर मागे राहतो. आर्डुपायलट या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'पीएलएनडी_कॅम_पॉस' ही तीन अक्षांची मूल्यं आहेत.

उतरण तिरकी दिसते पण टेकतो जवळपास मधोमध, असं असेल तर कॅमेरा किंचित कलता बसलाय. २ अंशांचा कल ५ मीटरवर १७ सेंटीमीटरची चूक देतो, पाऊण मीटरवर जेमतेम अडीच. उंची कमी होते तशी चूक विरघळते. ही मी घाईने दुरुस्त करत नाही.

चूक कोणत्या बाजूला होते हे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे बदलत असेल तर मात्र नीट लक्ष द्या, कारण ही चूक फसवी आहे. वाऱ्यात जागा धरायला ड्रोन वाऱ्याकडे कलतो. १० अंश कलला की ५ मीटरवरचा मार्कर चित्रात ८८ सेंटीमीटर सरकलेला दिसतो, आणि तो कल वजा करावाच लागतो. आर्डुपायलट हे स्वतः करतो. त्याला ड्रोनच्या अंगाशी बांधलेल्या अक्षांतला कोन हवा असतो. आपल्या पायथन प्रोग्राममध्येही आपण कल वजा करून ठेवला असेल तर तो दोनदा वजा होतो. वारा नसलेल्या दिवशी सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे या चुकीचा पत्ता आठवडेच्या आठवडे लागत नाही. प्रोग्राम दोघांनी मिळून लिहिलेला असला की ही चूक हमखास सापडते, कारण कल वजा करण्याचं काम कोणाचं हे कुठेच लिहून ठेवलेलं नसतं.

उरली ती चाल म्हणजे मार्करच्या या बाजूला, त्या बाजूला, पुन्हा या बाजूला, सरळ रेषेत झोके. ती उशिराची खूण आहे. 'कधी होतं, कधी होत नाही' या तक्रारीच्या मुळाशी मला बहुतेकदा हीच सापडली.

चित्र किती शिळं आहे

कॅमेऱ्याने फोटो टिपला, तो संगणकात पोहोचला, मार्कर शोधला, संदेश ऑटोपायलटकडे गेला. या प्रवासात शंभर मिलिसेकंद सहज जातात. त्या वेळात ड्रोन सेकंदाला ३० अंश या वेगाने कलत असेल तर तो ३ अंश पुढे गेलेला असतो. ऑटोपायलट आत्ताचा कल घेऊन शंभर मिलिसेकंदांपूर्वीच्या चित्राचा अर्थ लावतो, आणि ५ मीटरवर २६ सेंटीमीटरची चूक होते. ती सुधारायला ड्रोन पुन्हा कलतो, त्यातून पुढची चूक तयार होते. अशा वेळी गेन (पीआयडीचा आकडा) वाढवला की झोके वाढतात. कमी केला की झोके थांबतात, पण वारा आला की ड्रोन वाहत जातो. म्हणूनच मी सुरुवातीला त्या आकड्यांपासून लांब राहा म्हटलं.

शिळ्या वेळेचा दणका किती मोठा असू शकतो ते मंगळावर दिसलं. इंजेन्युइटी हेलिकॉप्टर खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याने सेकंदाला ३० चित्रं घ्यायचं आणि गतीच्या संवेदकावरून केलेला अंदाज त्या चित्रांशी ताडून बघायचं. २२ मे २०२१ रोजी सहाव्या उड्डाणात, साधारण ५४व्या सेकंदाला, एक चित्र हरवलं. फक्त एकच. पण त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर चुकीच्या वेळेचा शिक्का बसत गेला. हेलिकॉप्टर पुढे-मागे झोके खायला लागलं, २० अंशांहून जास्त कललं, आणि तरीही ठरलेल्या जागेपासून ५ मीटरच्या आत सुखरूप उतरलं. ते वाचण्याची दोन कारणं अभियंत्यांनी सांगितली. एक, वेळेतल्या चुका सोसता याव्यात म्हणून नियंत्रणात आधीच भरपूर वाव ठेवलेला होता. दोन, उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याची चित्रं वापरायचीच नाहीत, असं ठरवलेलं होतं. हे दुसरं कारण लक्षात ठेवा, खाली त्याचं काम आहे.

आपल्या ड्रोनवर उशीर कुठे लपतो? पहिली जागा म्हणजे चित्रांची रांग. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं देतो आणि आपला प्रोग्राम १० च तपासू शकतो. बाकीची रांगेत थांबतात, आणि प्रोग्राम दर वेळी रांगेतलं सगळ्यात जुनं चित्र उचलतो. नुसत्या चार चित्रांची रांग असली तरी शंभर मिलिसेकंदांहून जास्त शिळेपण आलं. उपाय सोपा आहे: चित्रं वाचणारा धागा (प्रोग्राममधला समांतर चालणारा भाग, थ्रेड) वेगळा ठेवा, त्याने सतत वाचत राहावं आणि फक्त शेवटचं चित्र हातात ठेवावं. चित्रं आणण्यासाठी जीस्ट्रीमर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या ॲपसिंकला (चित्रं प्रोग्रामला देणारा भाग) 'मॅक्स-बफर्स' १ आणि 'ड्रॉप' चालू ठेवा.

दुसरी जागा प्रकाश. ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर संध्याकाळी कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो आणि चित्रांचा वेग गुपचूप अर्ध्यावर येतो. दुपारी मधोमध उतरणारा ड्रोन सूर्य कलल्यावर डोलतो, त्याचं हे एक कारण.

तिसरी जागा उष्णता. छोटा संगणक तापला की स्वतःचा वेग कमी करतो. पहिलं उड्डाण छान, तिसरं बिघडलेलं, आणि तासाभराने पुन्हा छान, असा क्रम असेल तर प्रोसेसरचं तापमान लॉगमध्ये घाला. मी एकदा दोन दिवस कॅलिब्रेशनच्या (कॅमेऱ्याच्या भिंगाची मापं काढण्याच्या) मागे घालवले, आणि शेवटी कारण निघालं ते संगणकाच्या डब्याला वारा जायला जागा नव्हती एवढंच.

ठरावीक उशीर वजा करता येतो, बदलता उशीर करता येत नाही. म्हणून आधी रांग, एक्स्पोजर आणि तापमान यांचा बंदोबस्त करून उशीर स्थिर करा, मगच तो मोजा.

मोजायची माझी पद्धत अशी. प्रोपेलर काढा. उड्डाणात जे जे चालू असतं ते सगळं चालू ठेवा, व्हिडिओ रेकॉर्डिंग आणि टेलिमेट्रीसुद्धा, कारण त्यांच्या भारानेही उशीर बदलतो. ड्रोन मार्करच्या मीटर-दीड मीटर वर हातात धरून डावीकडे-उजवीकडे सेकंदाला साधारण एकदा डोलवा. जागा हलू देऊ नका, फक्त कलवा. अर्धा मिनिट पुरे. मग ऑटोपायलटचा रोल (डावा-उजवा कल) आणि चित्रातला मार्करचा कोन एकाच आलेखावर काढा. दोन सारख्याच लाटा दिसतील, एक दुसरीच्या मागे. कोनाची लाट किती मागे सरकवली म्हणजे दोन्ही जुळतात, तेवढा तुमचा उशीर. लाटांमधलं अंतर सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरंच असेल तर उशीर अजून स्थिर झालेला नाही. वरच्या तीन जागा पुन्हा तपासा.

आर्डुपायलटमध्ये हा आकडा 'पीएलएनडी_लॅग'मध्ये सेकंदांत भरायचा. याचं मूळ मूल्य ०.०२ आहे, म्हणजे २० मिलिसेकंद. छोट्या संगणकावर ओपनसीव्ही चालवणाऱ्याला ते क्वचितच लागू पडतं, आणि बहुतेक जण ते तसंच सोडून देतात. हा आकडा कळला की ऑटोपायलट कलाची तेवढी जुनी नोंद काढतो आणि ती त्या चित्राशी जोडतो. बदल केल्यावर फ्लाइट कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू करा.

शेवटच्या मीटरात मार्कर नाहीसा होणं

आता माहितीच न येण्याकडे वळू. इथे थोडी आकडेमोड केली की अर्धे प्रश्न सुटतात. समजा कॅमेरा ६४० बाय ४८० पिक्सेलचा आहे आणि आडवा दृष्टिकोन ६० अंश. त्याचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) झालं सुमारे ५५४ पिक्सेल. ४० सेंटीमीटरचा मार्कर १० मीटरवरून २२ पिक्सेलचा दिसतो. एप्रिलटॅग या मार्करच्या प्रकारातल्या ३६एच११ कुटुंबातल्या मार्करमध्ये काळी चौकट धरून एका बाजूला ८ चौकोन असतात, म्हणजे एका चौकोनाला पावणेतीन पिक्सेल मिळाले. एवढ्यावर ओळख कधी लागते, कधी नाही. ५ मीटरवर साडेपाच पिक्सेल मिळतात आणि ओळख पक्की होते. तेव्हा ऑटोपायलटला १० मीटरवरून मार्करच्या मागे लावू नका. त्या उंचीवर येणाऱ्या तुटक माहितीने ड्रोन उगाच गचके खातो.

खालच्या टोकाला तोच मार्कर ४६ सेंटीमीटर उंचीवर चित्राची पूर्ण उभी बाजू भरून टाकतो. भोवतीची पांढरी किनार, ड्रोनची थोडी सरक आणि थोडा कल धरला तर ७०-८० सेंटीमीटरच्या खाली तो कुठल्या ना कुठल्या कडेने कापला जातो. चारपैकी एक कोपरा गेला की मार्कर नाही, असाच निकाल लागतो.

यावर एकात एक मार्कर हा चांगला उपाय आहे. मोठ्याच्या पोटात ८ सेंटीमीटरचा छोटा. तो १ मीटरवरून ४४ पिक्सेलचा दिसतो आणि चित्र भरायला त्याला ९ सेंटीमीटरपर्यंत खाली यावं लागतं. एप्रिलटॅगच्या कस्टम४८एच१२ कुटुंबात मधली जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, तिथे छोटा मार्कर बसतो. मोठ्यावरून छोट्यावर जाताना एकच काळजी घ्या. दोन्हींचा मध्य एकच असेल तर ठीक, नाहीतर ते अंतर प्रोग्राममध्ये धरायचं, आणि प्रत्येक मार्करचा आकार वेगळा द्यायचा. छोट्या मार्करला ४० सेंटीमीटर समजलं तर ड्रोनला वाटतं आपण पाचपट उंच आहोत.

आणि अगदी शेवटी, अर्ध्या-पाऊण मीटरच्या खाली, कॅमेऱ्याचं ऐकणं थांबवा. तिथे प्रोपेलरचा वारा जमिनीवर आपटून परत येतो, धूळ उडते, ड्रोनची स्वतःची सावली मार्करवर पडते. आर्डुपायलटच्या 'पीएलएनडी_ऑल्ट_मिन'चं मूळ मूल्य ०.७५ मीटर आहे. त्याखाली मार्कर हरवला तरी ड्रोन सरळ खाली येत राहतो, आणि मला ते योग्य वाटतं. मात्र त्यासाठी उंची खरी कळली पाहिजे. जमिनीजवळच्या हवेच्या दाबामुळे बॅरोमीटर तिथे भरवशाचा राहत नाही, म्हणून खाली बघणारा लेझर अंतरमापक मी ऐच्छिक मानत नाही.

पुसट चित्र आणि सावली

१० मिलिसेकंदांचं एक्स्पोजर आणि सेकंदाला ३० अंशांचं कलणं, एवढ्याने वरच्याच कॅमेऱ्यात चित्र जवळजवळ ३ पिक्सेल फरफटतं. १० मीटरवरचा एक पूर्ण चौकोन त्यात पुसला जातो. २ मिलिसेकंदांवर हीच फरफट अर्ध्या पिक्सेलच्या आसपास येते. म्हणून एक्स्पोजर हाताने कमी करून कुलूपबंद करा, चित्र थोडं अंधारं दिसलं तरी चालेल. फोकसही कायमचा बांधून टाका. ऑटोफोकस हलला की कॅलिब्रेशन मोडलं. कॅलिब्रेशन ज्या रिझोल्यूशनवर केलं त्याच रिझोल्यूशनवर उडवा. काही कॅमेरे रिझोल्यूशन बदलताना चित्र लहान करण्याऐवजी कडा कापतात आणि सगळे कोन चुकतात.

मार्कर चकचकीत लॅमिनेट करू नका. उन्हाची तिरीप पडली की काळं पांढरं दिसतं. मॅट छपाई, सपाट फळी आणि भोवती रुंद पांढरी किनार एवढं पुरतं. सावलीची कड नेमकी मार्करच्या कोपऱ्यावरून गेली तर चौकोनच सापडत नाही, म्हणून भर दुपारी आणि सूर्य कललेला असताना, दोन्ही वेळा तपासा.

मार्कर न वापरता नुसत्या जमिनीचा पोत बघून जागा धरत असाल तर जमिनीवर पोत आहे का ते आधी बघा. इंजेन्युइटीचं ७२वं आणि शेवटचं उड्डाण, १८ जानेवारी २०२४, याच कारणाने संपलं. खाली वाळूच्या लाटा, धरून ठेवायला खुणा फारच थोड्या. आडवा वेग नीट कळला नाही, तो असतानाच ते उतरलं आणि पाती मोडली. ताजं काँक्रीट, एकसारखं गवत किंवा पाणी कॅमेऱ्याला तितकंच अवघड असतं.

पोजचं (मार्करची जागा आणि कल यांचं) उलटं उत्तर

लॉगमध्ये मार्करची जागा एका चित्रात इकडे, पुढच्यात भलतीकडे, अशी टुणटुण उडत असेल तर तो वेगळा रोग आहे. सपाट चौकोन लांबून आणि सरळ वरून पाहिला की तो कोणत्या बाजूला कलला आहे याची दोन उत्तरं जवळजवळ सारखीच बरोबर ठरतात, आणि गणित कधी एक निवडतं, कधी दुसरं. त्या कलावरून तुम्ही ड्रोनची जागा काढत असाल तर ती उडी मारते. उतरण्यासाठी आपल्याला मार्करचा कल लागतच नाही. मार्करच्या मध्याचा कोन घ्या, उंची लेझरकडून घ्या आणि ऑटोपायलटला तेवढंच द्या. मार्करचं यॉ या गोंधळात सहसा सापडत नाही, ते हवं तर वापरा.

हरवला तर काय, हे आधी ठरवा

पाऊण मीटरच्या वर मार्कर हरवला तर ड्रोनने काय करायचं, ते त्याला आधी सांगून ठेवा. आर्डुपायलटमध्ये 'पीएलएनडी_स्ट्रिक्ट' आणि 'पीएलएनडी_आरईटी_मॅक्स' यांनी ठरतं की ड्रोन तसाच उतरेल, पुन्हा प्रयत्न करेल की हवेत थांबेल, आणि प्रयत्न किती वेळा करेल. खाली माणसं किंवा सामान असू शकेल अशा जागी 'तसाच उतर' हा पर्याय मी कधीच ठेवत नाही. पीएक्स४ या दुसऱ्या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्ये मार्कर शोधायला कुठल्या उंचीवर परत जायचं आणि किती वेळा शोधायचं, याची वेगळी मूल्यं आहेत. तिथे 'एलटीईएसटी_मोड' हेही बघून घ्या. ते स्थिर मार्करवर असेल तर ऑटोपायलट मार्कर जागचा हलत नाही असं धरून स्वतःचा वेगही त्यावरून सुधारतो. नाव किंवा गाडीवर उतरवणार असाल आणि हे मूल्य तसंच राहिलं, तर नावेचा वेग तो स्वतःचा समजेल आणि वरची एकही दुरुस्ती कामी येणार नाही.